चेरीला पडलेली भोकं

आमची गल्ली अख्ख्या हर्नडनमध्ये सर्वांत सुरक्षित आहे, असं मी आईला रोज सांगत होतो. सांगावंच लागत होतं. आई सांगलीहून पहिल्यांदाच अमेरिकेला आली होती, चांगली सहा महिन्यांसाठी, आणि आल्या आल्याच तिनं परतीची भुणभुण लावली होती.

"टीव्हीवर बघते की मी. कुठं ना कुठं गोळ्या चालूच. मला आपलं घरी पाठव."

"अगं, आपल्याकडे कुत्रासुद्धा परवानगी काढून भुंकतो." (दार नीट लागलंय ना, हे अंथरुणातून उठून पुन्हा बघणारा माणूस मी. पण आई राहायला हवी होती, म्हणून शूर झालो होतो.)

त्या शनिवारी बायको ग्रोसरीला गेली होती. आई मिक्सरवर शेंगदाण्याची चटणी फिरवत होती आणि नेमका शेजारच्या सूझनबाईंचा फोन आला. त्या घरघराटात मला इतकंच ऐकू आलं, "शॉट होल्स... तुमच्या चेरीला... खिडकीजवळ... सगळीकडे पसरतंय..."

शॉट होल्स म्हणजे गोळ्यांची भोकं! कुणीतरी आमच्या घरावर गोळ्या झाडल्या होत्या आणि अंगणातल्या चेरीनं त्या झेलल्या होत्या. मी मिक्सरचा प्लग उपटला आणि ओरडलो, "खाली बसा! गोळीबार!"

दहा वर्षांची माझी लेक ईरा मुकाट उठली. दिवे बंद केले, पडदे ओढले, खिडकीपासून लांब भिंतीला टेकून बसली. शाळेत शिकवतात त्यांना. मी डायनिंग टेबलाखाली शिरलो, म्हणजे डोकं शिरलं, बाकीचा मी बाहेरच.

"बाबा, यू आर डुइंग इट राँग," ती कुजबुजली. एरवी हसलो असतो. तेव्हा काळजात चर्र झालं.

तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आई, कुठं चाललीस?"

"पापड वाळत घातलेत बाहेर."

"पापड राहू देत गं, जीव जाईल!"

"उडदाचे आहेत," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

लेक आत, आई बाहेर, आणि मी अर्धा टेबलाखाली. इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो. शेवटी पोळपाट डोक्यावर धरला आणि रांगत अंगणात गेलो.

चेरीखाली सूझनबाई आणि आई एकच पान दोघींत धरून उभ्या होत्या. पानाला गोल गोल भोकं. पोळपाटाकडे न बघण्याचा शिष्टाचार पाळत सूझनबाई म्हणाल्या, की ही बुरशी आहे, शॉट होल म्हणतात. यंदा पाऊस फार झाला ना. आधी ठिपके पडतात, मग ठिपका गळून भोक पडतं. खाली पडलेली पानं तेवढी गोळा करून टाका, नाहीतर पसरेल.

मी गुडघ्यांवर बसूनच आईला सगळं मराठीत सांगितलं.

"करपा म्हण की सरळ," आई म्हणाली.

संध्याकाळी ती चेरीची पानं झाडून पिशवीत भरत होती. माझं तोंड एवढंसं झालेलं. आता हिला कुठल्या तोंडानं अडवणार? मीच विचारलं, "आई, तिकीट बघू का मग?"

"आता कशी जाऊ?" ती पिशवीला गाठ मारत म्हणाली. "गोळ्यांचं सोड, तू झाडाच्या पानांना घाबरतोस. तुला इथं कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ?"