खेळातून सूट मिळण्याबाबत

हाडांच्या दवाखान्यात एक्सरे काढणाऱ्या बाईला सगळे पाठीमागे 'श्वास धरा' म्हणत. छातीचा एक्सरे असो की पायाच्या अंगठ्याचा, काचेमागून ती एकाच सुरात ओरडायची, "श्वास धरा, हलू नका." अंगठ्यासाठी श्वास कशाला धरायचा, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. बाई खवट. बावीस वर्षं त्या जुन्या यंत्राशी संसार केलेली. नवरा महिन्यातले वीस दिवस मालाच्या गाडीवर, त्यामुळे घरी भांडायला हक्काचं माणूस नाही. मग ती दवाखान्यात भांडायची, नळावर भांडायची आणि वर्षातून दोनदा मुलाच्या शाळेत जाऊन भांडायची.

मुलगा एकच, चौदा वर्षांचा. अंगाने चांगलाच सुटलेला. पोट शर्टाच्या दोन बटणांमधून डोकावायचं. वर्गातली पोरं त्याला 'डबा' म्हणत. आई म्हणायची, "हाडापेराने मजबूत आहे माझा मुलगा. तुमच्या काड्यांसारखा नाही." रोज शेकडो हाडं बघणारी बाई असं बोलली की शेजारणी गप्प बसत. हिला नाही कळणार तर कुणाला कळणार, असं त्यांना वाटे.

खरं तर तिला कळायला हवं होतं. दवाखान्यात जाड पोरं यायची, बाकावरून घसरून मनगट मोडलेली, आणि त्यांच्या फिल्मवर हाड पांढऱ्याऐवजी फिकं, करडं दिसायचं. डॉक्टर विचारायचे, "हे असं का?" तिचं उत्तर तयार असे, "मुलगा जाड होता, यंत्राचा आकडा वाढवून ठेवला, थोडा जास्तच झाला." तेही खोटं नव्हतं. जाड अंगातून किरण जायला आकडा वाढवावा लागतो, आणि तो जास्त झाला की फिल्म काळी पडते, हाड फिकं दिसतं. पण मनगटावर अशी किती चरबी असते? हा प्रश्न ना तिने स्वतःला विचारला, ना डॉक्टरांनी तिला. यंत्राला बोल लावला की दोघांचंही काम उरकायचं.

दोन वर्षांपूर्वी मुलगा मैदानावरून रडत घरी आला होता. पळण्यात शेवटचा आला म्हणून पोरांनी पत्र्याचा डबा वाजवत त्याला घरापर्यंत सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ही शाळेत हजर. खेळाचे मास्तर शांतपणे म्हणाले, "ताई, त्या पोरांना मी सरळ करतो. तुम्ही याला रोज पाठवा. शेवटचा येऊ दे, पण पळू दे."

"तमाशा बघायचाय तुम्हाला त्याचा," ती म्हणाली, आणि तणतणत निघून आली.

मग तिने जे केलं ते तिच्याच जागेवरचं माणूस करू शकतं. दवाखान्याच्या कोऱ्या कागदावर तिने टंकलं, 'विषय: खेळातून सूट मिळण्याबाबत. या मुलाची हाडं वयाच्या मानाने कमकुवत असल्याने त्यास मैदानी खेळ वर्ज्य आहेत.' संध्याकाळी सह्यांच्या गठ्ठ्यात तो कागद मधोमध सरकवला. डॉक्टर गठ्ठ्यावर न वाचता सही ठोकतात हे तिला चांगलं माहीत होतं. त्या दिवसापासून मुलगा खेळाच्या तासाला वर्गात बसून डबा खाऊ लागला. घरी आला की पलंगावर लोळायचा. आईला वाटलं, आपण जिंकलो.

आणि परवा तो शाळेच्या ओल्या व्हरांड्यात नुसता घसरला. कुणी ढकललं नाही, पायरी नाही, काही नाही. हात टेकला आणि मनगट मोडलं. मास्तरांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात आणलं, आणि सोबत शाळेतली ती चिठ्ठीही आणली. ती त्यांनी सरळ डॉक्टरांच्या हातात दिली. "हाडं कमकुवत आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. म्हटलं, तुम्हाला दाखवावं."

डॉक्टरांनी आपली सही पाहिली. मग हिच्याकडे पाहिलं. "हे मी कधी लिहिलं?"

 तिने मुलाला आत नेलं, हात फळीवर ठेवला, सवयीने ओरडली, "श्वास धर." फिल्म धुऊन आणली. मोडलेलं हाड फिकं होतं, कडा पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक.

"आकडा जास्त झाला," ती म्हणाली.

"पुरे झालं आता." डॉक्टर खुर्चीतून उठले. आकडा त्यांनी स्वतः लावला. "त्याचा हात ठेवा, शेजारी तुमचा ठेवा. एकाच फिल्मवर दोन्ही येऊ देत."

अंधारखोलीत तिने ती फिल्म पाण्यातून वर काढली आणि लाल दिव्याखाली धरली. एक मनगट पांढरं स्वच्छ, शेहेचाळीस वर्षांचं. शेजारचं फिकं. आकडा एक, फिल्म एक, पाणी एक. यंत्रावर ढकलायला काही उरलं नाही.  बाहेर येऊन तिने फिल्म डॉक्टरांपुढे धरली तेव्हा तिच्या बोटांवरून पाणी टपकत होतं.

"मुलांचं थोडं फिकं असतंच, पण इतकं नाही. हाडाची घनता मोजून आणा, म्हणजे नक्की कळेल," डॉक्टर म्हणाले. आवाजात दयामाया नव्हती. "वजन भरपूर आहे त्याचं, पण ते पोटावर. चरबीने हाड भरत नाही, बाई. स्नायूंनी ओढलं, पाय जमिनीवर आपटले, की भरतं. आणि भरायचं वय हेच आहे. पुढची चार-पाच वर्षं. मागची दोन तर तुम्ही त्याला बसवून ठेवलंत." मग टेबलावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून ते म्हणाले, "आणि मी न वाचता सही केली."

मास्तर दाराशी उभे होते. ते म्हणाले, "हात बरा झाला की पाठवणार का?"

"मी नाही जाणार," मुलगा म्हणाला. "सगळे हसतात."

पहिल्यांदाच तिने त्याची बाजू घेतली नाही. डॉक्टरांपुढे हात केला. "ती चिठ्ठी द्या."

डॉक्टरांनी दिली. ती फाडणार, तेवढ्यात मुलाने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं. तो रडत नव्हता. चिडला होता.

"फाडतेस कशाला? जे लिहिलंस ते खरंच होतं ना?"

बावीस वर्षं कुणाचंही ऐकून न घेणाऱ्या त्या बाईने चिठ्ठी खाली ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "लिहिलं तेव्हा खोटं होतं."