बाराला सुकती संपते

अडतीस पोरं किल्ल्यात होती आणि मी अलिबागच्या किनाऱ्यावर बसला टेकून उभा होतो. आमच्या मुळशीतल्या शाळेची ट्रिप. ताम्हिणी घाटातनं गाडी मीच उतरवली. घाटात गाडी गेअरवर उतरवायची, ब्रेकवर नाही. ब्रेक तापला की धरत नाही. हे आपल्याला पाठ. समुद्राचं तसं नाही. आमच्याकडं धरण. त्याचं पाणी सोडलं तरच हलतं.

हा किल्ला भर पाण्यात. पाणी मागं हटलं की चालत जायचं.

शेजारी एक कोळीण सुकट-बोंबील विकत बसली होती. म्हणाली, "दादा, बाराला सुकती संपंल. पोरांना सांगा."

"आमची पोरं न्हाई खात. संपू दे की!"

ती बघतच राहिली. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं म्हणून.

तेवढ्यात किल्ल्यातनं पोरांच्या बाईंचा फोन. "काका, अजून किती वेळ थांबता येईल? कुणाला तरी विचारा ना."

"इचारायचं काय त्यात? निवांत बघा. मी हाय हितं."

पावणेबाराला किल्ल्याकडून टांगा दौडत आला. टांगेवाला ओरडत होता, "शेवटची फेरी! सुकती संपत आली!"

ह्याच्या टांग्यात कुठली सुकट? "काय संपली?"

"ओहोटी हो! पाणी भरतंय आता!"

सुकती म्हणजे ओहोटी. मी सुकट समजलो होतो.

बाईंना फोन लावला, लागेना. चपला टाकल्या आणि किल्ल्याकडं पळालो. आत पोरं डबे उघडून बसलेली.

"उठा! पाणी आलं!"

"तुम्हीच निवांत म्हणालात ना?" बाई म्हणाल्या.

"मागनं भांडा. हात धरा."

निघालो तेव्हा पाणी माझ्या गुडघ्याला, पोरांच्या मांडीला. टांगेवाला बिचारा परत फिरला, बारकी आठ पोरं त्यानं घेतली. बाकीची माळ करून आणली. दोघी-तिघी रडल्या. वाळूवर बाईंनी दोनदा मोजलं. अडतीस.

"काका, तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. कोळीण काही बोलली नसती.

"सांगितलं व्हतं. मला कळलं न्हाई, अन् मी इचारलं न्हाई."

"मग इचारायचं की! तोंड काय घरी ठेवलंवतं?" कोळीण म्हणाली. पोरं हसली.

पुढचं वळण दिसत नसलं की आपण हॉर्न देतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. विचारायचंही तसंच.