काट्यावरची विनोदिनी आणि लांबलेलं गाऱ्हाणं

गोव्यातल्या पाळी गावच्या विनोदिनी गावसला फसवणं सोपं नाही. ज्यांनी प्रयत्न करून पाहिले ते आज गप्प आहेत, आणि त्यात तिचा नवराही आला.

खाणीच्या वजनकाट्यावर तिनं एकवीस वर्षं काढली. खनिजानं भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, तांबडी धूळ जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, काचेवर येऊन बसायची आणि आत विनोदिनी आकडा वाचायची. हे काम शेंबडं पोरही करील असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिच्या जागी बसून पाहायला हवं होतं. प्रत्येक ट्रकाला दिवसाच्या फेऱ्या ठरलेल्या. मग दोन-चार हुशार ड्रायव्हर काय करायचे, तर सकाळी एक नंबरपट्टी आणि दुपारी दुसरी लावून तोच ट्रक परत रांगेत घालायचे. साहेबलोक कागद बघत. कागद नेहमी चोख असायचे. विनोदिनी बघायची ट्रक चढतो कसा ते. कोणी थेट चढायचा, कोणी मधेच क्लच दाबायचा, कोणी काट्याच्या तोंडाशी येऊन उगाच हातभर मागं घ्यायचा.

"पाटी बदललंस रे," ती खिडकीतून ओरडायची, "खोड खंय बदलतलंस?"

आणि ज्याची खोड फसवी वाटायची त्याच्यासाठी दुसरा इलाज होता. तो बिनतोड होता. दोन पाट्यांचे दोन ट्रक असतील तर कधीतरी ते एकाच वेळी रांगेत दिसले पाहिजेत. एक दिसतो तेव्हा दुसरा कधीच दिसत नाही, म्हणजे ट्रक एकच. एवढं सरळ गणित साहेबांच्या डोक्यात का येत नाही याचा तिला शेवटपर्यंत राग होता.

पुढं खाण बंद पडली. विनोदिनी घरी बसली, आणि बसली म्हणून कुळागरात, घरामागच्या सुपारीच्या बागेत, हिंडू लागली, आणि हिंडताना सुपारीच्या झावळीवरून घसरून घोटा मोडून घेतला. सहा आठवडे प्लास्टर. तिची कुरकुर ऐकून कंटाळलेल्या भाचीनं, सेजलनं, तिच्या मोबाइलवर 'गडकोट' नावाचा खेळ घालून दिला. प्रत्येकाला एक किल्ला, थोडं घोडदळ. तीस-तीस जणांचे गट. दर रविवारी दुपारी चार ते पाच दोन गटांची लढाई, ज्याच्या हाती जास्त किल्ले तो जिंकला. प्लास्टर सुटलं, खेळ सुटला नाही. बावन्न वर्षांची बाई बोटं नाचवत किल्ले घेते म्हणून शेजारणी हसल्या. त्यांच्या दिवसभराच्या टीव्हीवर विनोदिनी कधी हसली नव्हती, पण त्या दिवसापासून हसू लागली.

तिच्या गटाचं नाव 'बारापाच'. माणसं पेडणे, डिचोली आणि सत्तरीची, दोन-तीन डंपरवाले सावंतवाडीकडचे. बहुतेकांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. प्रमुख होता गोकुळदास, वाळपईच्या एका सरकारी कचेरीतला कारकून. त्याचे वडील गावात देवापुढं गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. कुठल्याही कार्याच्या आधी एकानं देवाला मोठ्यानं सांगणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गोकुळदासनं ही चाल खेळात आणली. रविवारी चारला पाच मिनिटं असताना सगळ्यांनी फोनवर एकत्र यायचं, तो गाऱ्हाणं घालायचा, आणि प्रत्येक 'व्हय म्हाराजा'ला आपापल्या किल्ल्याच्या दारावरची घंटा बोटानं वाजवायची. कोणाची घंटा हलली ते सगळ्यांना दिसायचं. असल्या खेळात देवाला कशाला ओढता, असं एकानं विचारलं होतं.

"क्रिकेटाच्या पिचीर नारळ फोडलेलो देवाक चलता," गोकुळदास म्हणाला, "मगे ह्याच कित्याक चलना नाय?"

शिवाय बारापाच जिंकतही होते.

मग 'वज्रसेना' नावाच्या गटाशी गाठ पडली. सलग तीन रविवार बारापाच हरले. साधे हरले नाहीत, अब्रू जाऊन हरले. शनिवारी ठरलेला बेत रविवारी वज्रसेनेला तोंडपाठ. जो किल्ला रिकामा ठेवावा त्यावरच त्यांचा घोडदळाचा सरदार, 'अग्निकेतू' नावाचा, पहिल्या मिनिटाला येऊन पडायचा. घरात कोणीतरी होता. बारापाचमध्ये एक आयडी आणि वज्रसेनेत दुसरी, दोन नावांचा एकच माणूस.

संशय गेला प्रज्योतवर. प्रज्योत मांद्रेचा, किनाऱ्यावरच्या एका गेस्टहाउसात कामाला. एक तर त्याच्याकडं खरोखरच दुसरी आयडी निघाली. पाहुण्यांच्या मुलांना खेळायला द्यायची होती म्हणे. आणि दुसरं म्हणजे तो बोलत नसे. गाऱ्हाण्याला घंटा वाजवायचा, पण तीन वर्षांत त्याच्या तोंडून एकदाही 'व्हय म्हाराजा' कोणी ऐकलं नव्हतं. "ज्येच्या मनात पाप, तेच्या तोंडाक कुलूप," असं सावंतवाडीचा एक डंपरवाला म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. गोकुळदासनं गुरुवारी सांगून टाकलं, की रविवारची लढाई झाली की प्रज्योतला काढणार, आणि इतर गटांनाही त्याचं नाव कळवणार.

विनोदिनीला कुलपाचं कारण माहीत होतं. प्रज्योत बोलताना अडखळायचा. त्यातही 'व्ह' म्हणजे त्याच्यापुढं उभा डोंगर. त्यानं तिला हे वर्षापूर्वी लिहून कळवलं होतं आणि कोणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. आता ती सांगून त्याला सोडवू शकत नव्हती. त्या गुरुवारी त्यानं पुन्हा लिहिलं:

"मावशे, हय माका कोण घाई करीत नाय. बाकी सगळीकडे लोक माझा वाक्य आपणच पुरा करतत. हयसून काढल्यानी तर मी जावचंय खंय?"

विनोदिनीनं ते दोनदा वाचलं आणि तिचं डोकं तापलं. काट्यावर ती ज्या रागानं खिडकी उघडायची तोच राग. शुक्रवारच्या सराव-लढाईत तिनं स्वतःचा किल्ला वाऱ्यावर सोडला आणि नुसती बघत बसली. एकोणतीस जण कसे चालतात ते.

आणि दिसलं. सुदेश. पेडण्याचा, बोलका, सगळ्यांच्या आधी नमस्कार घालणारा, प्रज्योतविरुद्ध सर्वात आधी बोललेला. त्याचं घोडदळ किल्ल्याच्या दाराशी यायचं, दोन पावलं मागं जायचं, आणि मग आत घुसायचं. दर वेळी. काही गरज नसताना.

"सेजल," तिनं हाक मारली, "त्या अग्निकेतूच्या जुन्या लढायो लाव बघूया."

खेळात झालेल्या लढाया साठवलेल्या असतात. सेजलनं तीन रविवार एकामागोमाग एक लावले. अग्निकेतू दाराशी आला. दोन पावलं मागं. मग आत. सुदेश तिन्ही वेळा राखणीवर होता, आणि राखणीवरचं घोडदळ जागचं हललं नाही तर कोणाला वावगं वाटत नाही.

"आत्ये, हो तर तोच!"

"पाटी बदलल्यान," विनोदिनी म्हणाली.

गोकुळदासला फोन केला तर तो सरकारी माणसासारखा बोलला. "विनोदिनीताय, हो पुरावो न्हय. अर्धा पेडणा तसाच चलता."

"मगे दुसरो इलाज आसा. रयवारी गाराणा उशिरान सुरू कर. चाराक दोन मिंटां आसताना. आणि लढाय सुरू झाली तरी थांबा नको. सांगित ऱ्हव."

"आणि किल्ले?"

"किल्ले जाऊंदेत पयली पाच मिंटां. लढूक दोनय आंगठे लागतत, आणि घंटा वाजवूक एक. अग्निकेतू आणि सुदेश दोन माणसां आसती तर घंटा वाजतली आणि घोडोय धावतलो. एकच आसलो तर तेका एक कायतरी सोडूक व्हया."

गोकुळदासला पटलं नाही. "तो घंटाच सोडीत. लढाय सुरू झाली म्हणान कोणय सोडीत."

"तो पेडण्याचो आसा रे. वज्रसेनेत जायत, आपणाक विकीत, पण चालू गाराण्याक गप बसात? ता तेच्या हातातच नाय. बसलो तर प्रज्योतावांगडा माकाय काढ."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि मग तिला धाप लागली. कारण हा गट तिलाही सोडायचा नव्हता. खाण बंद झाल्यावर तिला कोणी काही विचारायला येत नव्हतं; इथं येत होतं. पण बोलून बसली होती, आणि बोललेलं गिळायची तिला सवय नव्हती.

रविवार. सेजल शेजारी दुसरा फोन घेऊन बसली, नजर फक्त अग्निकेतूवर. चारला दोन मिनिटं असताना गोकुळदासनं घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! सातेरी, भूमका, रवळनाथा, बारा पाचाच्या देवा!"

"व्हय म्हाराजा!" तीस घंटा हलल्या.

चार वाजले. लढाईचं शिंग वाजलं. अग्निकेतू बाणासारखा निघाला.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उबी आसत..."

"व्हय म्हाराजा!" सुदेशची घंटा हलली. अग्निकेतू भर माळावर उभा राहिला.

"तेंच्या हाताक येस दी..."

"व्हय म्हाराजा!" घोडा चार पावलं गेला होता, परत उभा.

सेजल तोंडावर हात दाबून हसत होती. घंटा हलली की घोडा थांबे, घंटा थांबली की घोडा पळे. गोकुळदासलाही आता दिसलं होतं, आणि दिसलं म्हणून त्याच्या अंगात त्याचे वडील संचारले. पेडण्याचे देव संपले, त्यानं डिचोलीचे घेतले. डिचोलीचे संपले, सत्तरीचे घेतले. तेही संपले तेव्हा वाळपईच्या बाजारात बांगडे स्वस्त होऊ देत म्हणून सांगणं घातलं. पाववाल्या पोदेराचे उंडे पूर्वीएवढे मोठे होऊ देत म्हणून घातलं. मोबाइलची रेंज येऊ दे म्हणून घातलं. दर वेळी तीस घंटा, आणि दर वेळी वज्रसेनेचा सरदार माळावर खांबासारखा उभा. एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. 'व्हय म्हाराजा' म्हणताना लोकांना हसू आवरत नव्हतं. ज्याच्या आधारानं वज्रसेना तीन रविवार जिंकली तो हलत नाही म्हटल्यावर त्यांचे बाकीचे सैरावैरा धावू लागले.

"आणि बा म्हाराजा," गोकुळदास म्हणाला, "जो एका आंगार दोन अंगरखे घालून आमच्यात उबो आसा, तेका बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!"

सुदेशची घंटा त्यालाही हलली. मग त्याला कळलं आपण कशाला होकार दिला ते. अग्निकेतू माळावरच राहिला.

"मावशे," सुदेशचा आवाज आला, बारीक. "थय माका सरदार केल्यानी. हय मी नुसतो घंटा वाजवी. पण गाराण्याक गप ऱ्हवाक जमला नाय गो."

"माका ठावक होता," विनोदिनी म्हणाली. "जा आता. आणि घोडो मागे घेवची खोड सोड."

सुदेश गेला. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण गाऱ्हाण्यापुरता का होईना तो आपला निघाला, याचं तिला बरंच वाटलं.

"आता लढायचा काय?" गोकुळदासनं विचारलं. पहिल्यांदाच तो विचारत होता.

"मधल्या वाटेन प्रज्योताक धाड," विनोदिनी म्हणाली. "आणि बाकीचे तेच्या मागसून."

प्रज्योत निघाला. तीन वर्षं ज्याला कडेचे किल्ले राखायला ठेवलं होतं तो मधून असा सुटला की वज्रसेनेला दारं लावायलाही वेळ मिळाला नाही. चार पस्तीसला त्यांचा मोठा किल्ला पडला. पाचला बारापाचकडं एकेचाळीस किल्ले होते आणि वज्रसेनेकडं वीसही उरले नव्हते. सावंतवाडीचा डंपरवाला एवढा ओरडला की सेजलनं फोन कानापासून लांब धरला. विनोदिनीनं पदरानं डोळे पुसले आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं नाही. रडू आलं होतं, ती रडली.

पण गाऱ्हाणं अजून उघडंच होतं. घातलेलं गाऱ्हाणं अर्धं टाकत नाहीत. गोकुळदासनं पुन्हा घसा साफ केला, आणि या वेळी त्याचा आवाज कचेरीतला नव्हता.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरार, प्रज्योतार, आमी खोटो आळ घेतलो. सगळ्यात मोठो मी घेतलंय. ता चुकला. ती चूक पदरात घे, आणि तेका आमच्यात मानान ठेव."

"व्हय म्हाराजा!"

एकोणतीस घंटांपैकी अठ्ठावीस हलल्या. मांद्रेच्या किल्ल्याची हलली नाही. त्याऐवजी तिकडचा माइक उघडला. मागं समुद्राचा आवाज आला, गेस्टहाउसातलं कोणाचं तरी मूल हसलेलं ऐकू आलं.

"व्ह..." प्रज्योत म्हणाला. आणि अडला. "व्ह... व्ह..."

सेजलनं पुढचं सांगायला तोंड उघडलं. विनोदिनीनं तिच्या गुडघ्यावर हात दाबला. फोनवर पेडणे गप्प होतं, डिचोली गप्प होती, वाळपई गप्प होती. डंपरवाल्यानंही श्वास धरला होता. कोणालाही कुठं जायचं नव्हतं.

"व्हय... म्हाराजा," प्रज्योत म्हणाला, आणि मग त्यानं घंटा वाजवली.