शेवंतीचे थंड खूर

लग्नाचा मुहूर्त टळला की लोक शिव्या मला घालतात. मंडप माझा, खुर्च्या माझ्या, म्हणून उशीरही माझाच. बाळापुरात बिछायतीचा धंदा करता करता माझं डोकं पांढरं झालं. पण देवाशपथ सांगतो, निम्म्या लग्नांमधला उशीर घोडीवाल्या चंद्रभानच्या नावावर जमा व्हायला हवा. नवरदेव फेटा बांधून घामाघूम होऊन दारात उभा, बँडवाल्यांनी गाल फुगवलेले, आणि हा बाबा भर रस्त्यात वाकून, घोडीचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरून, लोखंडी आकड्यानं खुरातली माती उकरत बसणार. बरं, एक पाय पाहून भागेल तर तेही नाही. चारही पाय उचलून पाहणार. मग तळहात खुराला लावून, डोळे मिटून, डॉक्टरनं नाडी पाहावी तसा थांबणार.

"अरे चंद्रभान, बसू दे ना लेकराले घोडीवर!" मी ओरडायचो.

"बसन ना, पंजाबराव. पन तिच्याच पायाच्या भरोशावर बसन ना? मंग पाहू द्या मले."

मी दुसऱ्या कोणावर तरी ओरडायला निघून जायचो.

चंद्रभान जातीचा माळी. मन नदीच्या काठाला त्याचा मळा आहे. झेंडू, गुलाब आणि शेवंती. लग्नाचे हार, गाडीची सजावट, मुंडावळ्या, सगळं त्याच्याकडून जातं. हार गुंफते त्याची बायको पार्वताबाई; तिच्या हाताचा हार दोन दिवस मान टाकत नाही. हार न्यायला येणारे लोक हमखास विचारायचे, "घोडी कुठं मिळेल हो?" ते ऐकून ऐकून एक दिवस चंद्रभाननं घोडीच आणली. पांढरीशुभ्र, कपाळावर भोवरा, आणि चाल अशी की बँडवालासुद्धा ताल सोडून तिच्याकडे पाहत राहावा. मळ्यातल्या फुलावरून तिचं नाव ठेवलं शेवंती.

तेव्हा तोही इतर घोडीवाल्यांसारखाच होता. घोडी खाते, घोडी चालते, झालं. खुरांकडे नालबंद आला की पाहायचं, नाही आला तर नाही.

आमच्याकडे नवरदेव घोडीवर चढायच्या आधी त्याची बहीण किंवा आत्या घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ चारते. घोडीचं तोंड गोड झालं म्हणजे संसार गोड होतो म्हणतात. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण वरात मारुतीच्या देवळाकडे निघाली की वाटेवर सोयऱ्याधायऱ्यांची घरं लागतात, आणि प्रत्येक दारात एक बाई ताट घेऊन उभी असते. मूठभरच तर आहे, असं प्रत्येकीला वाटतं. दाट लग्नतिथीला शेवंतीच्या पोटात अशा किती मुठी जायच्या, हे कोणीच पाहिलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, शेवंती सकाळी गोठ्यातून बाहेर येईना. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी. तापलेल्या तव्यावर कोणी उभं केल्यासारखी पाय उचलायची आणि ठेवायची. चंद्रभाननं आधी नालबंदाला दोष दिला, मग डांबरी रस्त्याला, मग कोणाच्या तरी नजरेला. शेवटी अकोल्याहून जनावरांच्या डॉक्टर अपेक्षाताई आल्या. त्यांनी त्याचा हात धरून खुरावर ठेवला. खूर चटका बसेल असा गरम होता.

"दुखणं पायात दिसून राह्यलं, पण आलं पोटातून," त्या म्हणाल्या. "डाळ न् गूळ एवढा झाला की त्याचा ताप खुरात उतरला. आता वाचवू. पण पुन्हा असं झालं तर ती उभी राहील याची मी खात्री देत नाही, काका."

महिनोन्‌महिने शेवंती गोठ्यातच होती. चंद्रभाननं नदीतली वाळू आणून तिच्या पायाखाली जाड थर घातला. बर्फाच्या पाण्यात तिचे पाय बुडवून तासन्‌तास उभा राहायचा. तेव्हा मी त्याच्याकडे रिकाम्या हातानं जात नसे, बर्फाची लादी न्यायचो, ठेवायचो आणि लगेच निघायचो. मोठा माणूस रडताना मला पाहवत नाही.

शेवंती उठली. आणि चंद्रभान असा बदलला की पार्वताबाई म्हणायची, "माह्याकडं असं पाह्यलं असतं तं मी इतकी म्हातारी नसती झाली."

पावसाळ्यात आमची काळी माती पायाला गोळ्यासारखी चिकटते आणि खुराच्या तळव्यातला मऊ भाग कुजवते, म्हणून त्यानं गोठ्यापुढे मुरूम टाकून उंच ओटा केला. दाणा तोडला, कोरडं गवत आणि कडबा वाढवला. रोज तिला कधी मऊ, कधी खडकाळ वाटेनं फिरवून आणायचा. खूर वाढून वेडेवाकडे व्हायची वाट न पाहता नालबंदाला आधीच बोलवायचा आणि त्यानं कानस फिरवताना डोक्याशी उभा राहून त्याचं डोकं खायचा. लग्नसराई संपली की नाल काढून टाकायचा, पाय मोकळे सोडायचा. "दुखनं आल्यावर धावपळ करन्यापेक्षा रोज हात लावून पाह्यलेला बरा," एवढंच त्याचं शास्त्र.

राहिली डाळ. ती बायकांच्या हातून सोडवणं सर्वांत अवघड. उभ्या पिकात डवरणी करताना बैलानं पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात, तसं मुसकं त्यानं शेवंतीला बांधलं. लग्नात घोडीला मुसकं! लोक चिडले. तेव्हा पार्वताबाईनं डोकं चालवलं. तिनं मुसक्यावर झेंडू आणि शेवंती अशी दाट गुंफली की तो दागिनाच वाटायला लागला. पोरी त्याच्यासोबत फोटो काढायला लागल्या. ताट घेऊन आलेल्या बाईला चंद्रभान हात जोडून सांगायचा, "मावशी, तिचं तोंड सजवलं हाय, आता खोलता येत नाई. ताट ओवाळा फक्त." बहुतेक जणी ऐकायच्या.

गेल्या वैशाखात त्याच्या मुलाचं, किशोरचं लग्न निघालं. मुलगी अकोल्याच्या जठारपेठेतली, हर्षा. लग्न बाळापुरातच. मंडप अर्थातच माझा, आणि या वेळी एक रुपया घेणार नाही असं मी आधीच बजावलं होतं. घोडी घरची.

अमरावतीहून, राजापेठेतून, त्याची मोठी बहीण वच्छलाबाई आली. आईच्या मागे तिनंच चंद्रभानला वाढवलेलं; तो तिला बाई म्हणतो. तिला साखरेचा आजार. मागल्या वर्षी तिच्या उजव्या पायाचं एक बोट कापावं लागलं होतं. पायाला जखम झाली आणि तिला ती कळलीच नव्हती, कारण तिच्या पायांना आता दुखलेलं समजत नाही. पण बाई जिभेनं तिखट आणि मनानं दांडगी. भाच्याच्या लग्नात नव्या चपला घालून सगळ्या गावभर फिरत होती.

वरात निघायच्या वेळी ती दारात आली, पितळी ताटात भिजलेली डाळ आणि गुळाचा खडा घेऊन.

"चंदू, काढ ते मुसकं."

"बाई, नाई काढत."

"लोकाईले नाई चारू देत, ते समजलं. मी लोक हाओ का? माह्या भाच्याचं लगन हाय. आत्याचा मान हाय हा."

"मान हाय तं. पन एक मूठ तुयी, एक मूठ मामीची, मंग मावशीले काहून नाई म्हनू? बाई, आता घोडी पुन्ना बसली तं उठनार नाई."

"म्हंजे माह्या हातून घोडी मरते, असं म्हन ना सरळ!" वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बँड थांबला. हर्षाकडचे पाहुणे बघायला लागले. किशोर बिचारा फेट्यातून कधी बापाकडे, कधी आत्याकडे पाहत होता.

मी चंद्रभानला ओळखतो. बहिणीपुढे तो कधी मान वर करत नाही. आज करेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यानं शेवंतीचा पुढचा पाय उचलला, बहिणीचा हात धरला आणि तिचा तळवा खुरावर ठेवला.

"लाव हात. कसा हाय?"

वच्छलाबाईनं तळवा खुरावर दाबला. मग म्हणाली, "थंड हाय."

"हा गरम झाला ना बाई, मंग समजायचं आतून जळून राह्यलं. तिले सांगता येत नाई. म्हनून मी रोज हात लावून पाह्यतो. तू परकी असती तं नाई म्हनाले सोपं गेलं असतं मले."

तिनं हात लगेच काढला नाही. नंतर ताट माझ्या हातात दिलं, जरा जोरातच दिलं, आणि तांब्या मागवला. शेवंतीच्या चारही खुरांवर पाणी घातलं, पोळ्याला बैलांच्या घालतात तसं. हळदकुंकू लावलं. "झाला माहा मान," म्हणाली, आणि भावाकडे न पाहता आत गेली. बँड वाजायला लागला. ताटातली डाळ आणि गूळ मी खाल्ला. वाया कशाला घालवायचा?

वरात झाली, लग्न लागलं, पंगती उठल्या. वच्छलाबाई भावाशी दिवसभर एक शब्द बोलली नाही. चंद्रभान पंगतीत वाढत राहिला, स्वतः पानावर बसला नाही, हे मी पाहिलं. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. असा कसा मान, जो मुक्या जनावराच्या पायापेक्षा मोठा?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडप उतरवायला गेलो. चंद्रभान गोठ्यात नेहमीसारखा शेवंतीचे पाय पाहत होता. वच्छलाबाई चहाचा कप घेऊन आली. अनवाणी होती. कप ओट्यावर ठेवून ती आपणहून वाकली आणि शेवंतीच्या खुराला हात लावला.

"थंड हाय," ती म्हणाली.

"हाव बाई."

मग जशी एखादी लहान मुलगी सांगते तशी म्हणाली, "चंदू, काल रागानं झोप येत नव्हती. म्हनलं, आपुनई आपल्या पायाले हात लावून पाहू. उजवा थंड लागून राह्यला. डावा गरम हाय. मले दुखत काईच नाई रे. पन गरम हाय."

चंद्रभाननं आकडा खाली टाकला. तिला ओट्यावर बसवलं, खाली बसून तिचा डावा पाय मांडीवर घेतला, अगदी शेवंतीचा घेतो तसा. आधी हाताची पाठ लावली, मग तळवा. अंगठ्याखाली, नव्या चपलेच्या पट्ट्याशी, फोड आला होता आणि भोवतालची कातडी लाल झाली होती. तिला पत्ताही नव्हता.

घरात सत्यनारायणाची तयारी चालली होती, नवी सून पाटावर बसायची होती. चंद्रभान पार्वताबाईला म्हणाला, "पूजा थांबव. मी बाईले अकोल्याले नेतो." पार्वताबाईनं लगेच नणंदेच्या पायाखाली घ्यायला उशी आणून दिली. गाडी मी चालवली. वाटेत वच्छलाबाई मला म्हणाली, "हळू चालवा हो, पंजाबराव, मले काई झालं नाई," आणि चंद्रभान म्हणाला, "जोरात चालवा."

डॉक्टरांनी जखम साफ केली, आत पू धरायला लागला होता. आठवडाभर उशीर झाला असता तर नुसत्या बोटावर भागलं नसतं, असं ते म्हणाले. वच्छलाबाई तेव्हा पहिल्यांदा घाबरली आणि भावाचा हात धरून बसली. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा हर्षा आणि किशोर पूजेच्या कपड्यांत तसेच वाट पाहत बसले होते. सत्यनारायण दिवे लागल्यावर झाला. शिऱ्याचा प्रसाद सगळ्यांना मिळाला. वच्छलाबाईला नाही, शेवंतीलाही नाही.

बाईचा पाय बरा झाला. आता ती पुन्हा राजापेठेत असते, आणि चंद्रभान रोज सकाळी शेवंतीचा पाय गुडघ्यांत धरून, मोबाइल स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवून तिच्याशी बोलतो. मी मळ्यात हार न्यायला जातो तेव्हा मला हे ऐकू येतं.

"पाह्यला का पाय?"

"पाह्यला. दोनई थंड. तिचे?"

"चारई थंड," चंद्रभान सांगतो, आणि फोन ठेवतो.