का-सर

आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गाला शिकवणारे ते सर बोलायला हळू. मुलं त्यांना पाठीमागे ‘का-सर’ म्हणायची. लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, कुणी जॉब बिघडवला की ते ओरडत नसत, तो बिघडलेला तुकडा हातात घेऊन विचारत, “हे असं का झालं? करताना डोक्यात काय चाललं होतं? लाजू नको, सांग.”

“जेवणाची सुट्टी, सर,” एकजण खरंच म्हणाला होता. वर्ग खो खो हसला. सरही हसले. मग म्हणाले, “बरं. आणि त्याच्या आधी?”

त्या वर्षी वर्गात शिवणकाम सोडून आलेली एक बाई होती. दोन मुलांची आई, म्हणून सगळे तिला ताई म्हणत. हात सफाईदार, पण ड्रॉइंग समोर आलं की गोठायची. सरांनी ताडलं, हिला कागदावरची वस्तू आतून दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी साबणाची वडी आणली, तिला भोक पाडलं आणि सुरी ताईच्या हाती दिली.

“मधोमध काप. आता दिसतंय ते काढ.”

तिने काढलं, आणि आपल्याच चित्राकडे बघत राहिली. “सर, एवढंच होतं होय!”

त्यानंतर मशीन सुरू करण्याआधी काय होणार ते ती स्वतःशी पुटपुटायची. चुकलं तर कारणही आपणच हुडकायची.

परीक्षा मात्र घड्याळावर होती. शेजारच्या वर्गात सगळ्या पायऱ्या भिंतीवर लिहिलेल्या. मुलं त्या घोकून झपाझप जॉब उतरवत. सरांच्या बऱ्याच मुलांचे जॉब अर्धवट राहिले. ताई कशीबशी पास झाली.

प्राचार्यांनी सरांना बोलावलं. “तुमची पोरं विचार करत बसतात.”

“त्यासाठीच तर...”

“मला वर निकाल दाखवावा लागतो हो.”

सरांची रवानगी अवजारांच्या खोलीत झाली. खिडकीतून ड्रिल द्यायचे, परत घ्यायचे. वर्कशॉपमधून एखाद्या लेथची किरकिर ऐकू आली की ते उठून दारापर्यंत जात आणि माघारी वळत. बायको म्हणायची, “बसून पगार मिळतोय, वाईट काय त्यात?” ते ताटातलं चिवडत राहत.

एक दिवस त्या खिडकीशी ताई आली. तिला कारखान्यात काम लागलं होतं.

“कोणतं मशीन मिळालं?” सरांनी उत्साहाने विचारलं.

“पॅकिंगला टाकलंय, सर. आधी लेथच होता. एक दिवस आवाज वेगळा आला म्हणून मी मशीन बंद केलं. मुकादम म्हणाला, चालव. मी म्हटलं, आधी टूल बघू या. घासलेलंच निघालं.”

“मग?”

“मग काय, उलट बोलते म्हणून हाकललं तिथून.” ती खिडकीशी वाकली. “सर, तुम्ही आम्हाला नुसतं चालवायला शिकवलं असतं, तर बरं झालं असतं का?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सर खिडकीतले ड्रिल मोजू लागले. ताई “येते” म्हणून निघाली.

ती पुन्हा शिवणकामाला लागल्याचं सरांच्या कानावर आलं, त्याच सुमाराला त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी प्राचार्य त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलले.

परवा शेजारची मुलगी ड्रॉइंग घेऊन घरी आली. तिनेही टर्नरलाच प्रवेश घेतलाय. “काका, हे असं का काढतात?”

सरांनी चष्मा लावला, कागदावरून नजर फिरवली आणि तो परत केला.

“पायऱ्या पाठ कर, बाळ,” ते म्हणाले. “लवकर सुटशील.”