लिटल ऑसब्रीची बदकं

सौदीतल्या यान्बूच्या कारखान्यात इसहाक परकारने सव्वीस वर्षं टायपिंग केलं, आणि त्यातली शेवटची अकरा, खरं सांगायचं तर, इंग्लंडातल्या लिटल ऑसब्री नावाच्या खेड्यात काढली. गेला कधीच नाही. त्याचे साहेब मिस्टर हॉलंड तिथले. गावाचा इतिहास लिहायचं त्यांना वेड, आणि जेवणाच्या सुट्टीत ते सांगतील ते टाइप करायचं काम इसहाकचं. तिथली विहीर टॉमस बेकरने सतराशे बारा साली खणली, रेल्वे कधी आली, कधी बंद पडली, शाळेला कुलूप का लागलं, सगळं त्याला तोंडपाठ. "ऑसब्रीच्या सरपंचपदाला उभा राहिलो तर बिनविरोध येईन," असं तो स्वतःच सांगे.

मग हुकूम निघाला, त्या खुर्चीवर सौदी माणूस हवा. इसहाकने नव्या माणसाला काम शिकवलं आणि पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जायचा, शिक्का बसला. खलास. नोकरी गेल्याचं दुःख त्याला फारसं नव्हतं. भीती होती ती घरी जायची. दोन वर्षांतून एक महिना सुट्टी, तीही झोपण्यात आणि दावतींत घालवलेली. आपल्याच गावात, साखरखाडीत, आता आपल्याला पाहुण्यासारखा कपबशीतून चहा देतील, याची त्याला खात्रीच होती.

म्हणून गावच्या मुस्लिम जमातीच्या हुसेनमियाँचा फोन आला तेव्हा तो हरखला. गावच्या शाळेला पन्नास वर्षं होत होती. गावाचा इतिहास इसहाकने लिहावा आणि समारंभात त्यानेच वाचावा. "तुमच्यासारका लिवनारा दुसरा कोन हाय?" इसहाकची छाती फुगली. निघायच्या आधीच्या शुक्रवारी यान्बूतल्या खोलीवर बसून त्याने एकटाकी चार पानं लिहिली आणि बायकोला, नूरुन्निसाला, फोनवर वाचून दाखवली.

"गावाच्या मधोमध तळं होतं. तळ्यात बदकं. ओढ्याच्या पाण्यावर पिठाची गिरणी फिरे…"

"अवो," नूरुन्निसा म्हणाली, "आपल्याकडं बदकं कवा होती?"

इसहाकने पानं चाळली. पुढे रेल्वेचं फाटकसुद्धा होतं. साखरखाडीत अजून एसटी दिवसातून दोनदा येई, तीही मर्जी असली तर. तो इतका हसला की शेजारच्या खोलीतून भिंत ठोकली गेली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथे तर काखेतला कळसाही दुसऱ्याचा निघाला.

"बरं, मग मोहल्ल्यातली विहीर कोणी खणली, ते तरी सांग."

"तुमच्याच दादान खणलीन. एकट्यान, दोन उन्हाळं. अम्मी दर खेपेला सांगायच्या. तुम्ही घोरत असायचात."

इसहाकचं हसू आटलं. टॉमस बेकरचं साल ओठांवर होतं, आणि आपला दादा, बापाचा बाप, कुदळ घेऊन कधी उतरला ते ठाऊक नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारी पानं फाडून त्याने कोरा कागद पुढे ओढला. दुसऱ्याने सांगितलेलं उतरवून घेणं, तेवढं तर त्याला येतच होतं.

"सांग," तो म्हणाला. "हळू सांग. लिहून घेतो."

"फोनवर नको," नूरुन्निसा म्हणाली. "तुम्ही या आधी. इहिरीवर बसून सांगत्ये."