गाठवाली पुडी

“आता ती गाठ कोन मारनार?” शेवंताआत्याच्या अंत्यदर्शनाला आलेल्या बायकांतली एक दुसरीला हळूच म्हणाली. मी खांबाआड उभी होते. त्याला आता महिना होईल.

आत्या जुन्या जालन्यात दंतमंजन करायची. बाभळीची साल, लवंग, सैंधव कुटून कागदी पुड्या भरायची आणि लाकडी ठशाने त्यांवर मोर उमटवायची. वाचता न येणारी माणसंही जाफराबादच्या बाजारात मोरावर बोट ठेवून पुडी मागत. आणीबाणीच्या आदल्या साली मुंबईच्या एका बड्या कंपनीची नोटीस आली. इंग्रजी शाळेत जाणारी घरात मी एकटीच, म्हणून ती मलाच वाचून दाखवावी लागली. मोराचा छाप त्यांनी नोंदवलेला होता. तो काढा, नाहीतर मुंबईच्या कोर्टात या. वाचताना वाटलं, जणू मीच आत्याला धमकावतेय.

शेजारचे कापडवाले रशीदभाई तावातावाने म्हणाले, “बिलकुल लढायचं, बाई! मोर काय त्यांच्या बापाचा हाये का?”

“मुंबईच्या खेपा घालू का मंजन कुटू, भाई?” आत्या म्हणाली. “मोर जाऊ द्या. लोकायचे दात तर हितंच राह्यले ना?”

तिनं ठसा चुलीत घातला. पण कोऱ्या पुड्या बाजारातून परत येऊ लागल्या. “मोर न्हाई, नकली माल हाये.” तिचंच मंजन नकली! मग तिनं सुताची गुंडी काढली. लहानपणी केदारखेड्याला कापूस वेचताना कमरेची ओटी जशी बांधायची, तशी गाठ ती प्रत्येक पुडीला मारू लागली. एरवी घट्ट, पण टोक ओढलं की एका हाताने सुटणारी. पुड्या घेऊन स्वतः बाजारात बसली. हळूहळू लोक ‘गाठवाली पुडी’ मागू लागले. एवढी मोठी कंपनी, आणि मांडीवर गुंडी घेतलेली ही एक बाई! मी थक्क होऊन तिची बोटं बघत राहायचे. प्रत्येक सुट्टीत, कितीतरी वेळ.

परवा मी आत्याचं दुकान उघडलं. जाफराबादचे एक म्हातारे गिऱ्हाईक दारातच थबकले. “बाई गेल्या. पुडी बी बंदच झाली म्हना.”

गुंडी तिच्या पाटाजवळ तशीच होती. मी धागा तोडला, एका पुडीला बांधला आणि ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी टोक ओढलं. गाठ सुटली. ते माझ्याकडे बघतच राहिले.

“थांबा काका,” मी म्हणाले, “दुसरी बांधून देते.”